तीस अंशांचा कोन

पहाटे 5.15

अलार्म वाजायच्या आधीच जाग येते. बारा वर्षं सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी केली की शरीराला घड्याळ लागत नाही. खोलीतली पार्टनर मात्र उशीत डोकं खुपसून झोपलेली असते. तिचं वय चोवीस. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं, त्यानंतर वर्षभराचा अनुभव, आणि लगेच एम.एस्सी. माझी वाट लांबची. आधी जी.एन.एम.ची पदविका, मग सरकारी नोकरी, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., पुन्हा वॉर्ड, आणि आता सदतिसाव्या वर्षी अध्ययन रजेवर एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. विषय मेडिकल-सर्जिकल, त्यातही क्रिटिकल केअर.

दोन तास मिळतात. पाऊण तास संख्याशास्त्र. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध सलाईनचे थेंब मोजण्यापुरता उरला होता, त्यामुळे काय-स्क्वेअर अजून अंगवळणी पडत नाही. उरलेल्या वेळात दुपारच्या तासाची तयारी. टेबलावर पुस्तकांच्या शेजारी एक प्लास्टिकचा कोनमापक पडलेला असतो. मध्यभागी दोरा ओवून त्याला लोखंडी नट बांधलाय. पार्टनरला तो आधी खेळणं वाटला होता.

सकाळी 7.30

अतिदक्षता विभागात ओव्हर चालू. रात्रपाळीची सिस्टर एकेका खाटेपाशी थांबून सांगते: काय चालू आहे, काय बंद केलं, लघवी किती झाली, नातेवाइकांना काय सांगितलं. मी मागे उभी राहून ऐकते. इथे माझं नाव ‘पीजी मॅडम’. या नावात थोडा मान आहे, थोडी चेष्टाही. माझ्या अंगावर एकही पेशंट अधिकृतपणे नाही, आणि ड्युटीवरच्या सिस्टरच्या अंगावर चार आहेत. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पाळीगणिक एक परिचारिका, हा नियम आम्ही पुस्तकात शिकतो आणि बी.एस्सी.च्या मुलींना शिकवतोही. त्यामुळे हात बांधून निरीक्षण करणं मला जमत नाही. तीन नंबरच्या खाटेचं मी बघते, असं सांगून ॲप्रनच्या बाह्या वर करते.

तीन नंबरच्या आजोबांचा एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट, येतो. पीएच 7.28, कार्बन डायऑक्साइड 58. पूर्वी हे आकडे मी चार्टवर सुबक अक्षरात उतरवले असते आणि रेसिडेंट डॉक्टरांना फोन लावला असता. फोन आजही लावते, पण त्याआधी व्हेंटिलेटरच्या नळीजवळ कान नेते. घरघर आहे. छातीच्या डाव्या बाजूला हवा कमी जातेय. सक्शन केल्यावर घट्ट चिकट कफ निघतो, आणि मग फोनवर आकड्यांबरोबर कारणही सांगता येतं. दीड वर्षाच्या शिक्षणाने मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी हीच सकाळ सांगेन.

सकाळी 11.00

ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात चहा. ही आमची खरी करिअर गायडन्सची जागा. तरुण स्टाफ नर्स विचारते, ‘‘ताई, मी एम.एस्सी. करू की एन.पी.?’’

एम.एस्सी. म्हटलं की पाच दरवाजे: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती-स्त्रीरोग, सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला 55 टक्के, एक वर्षाचा अनुभव, मग प्रवेश परीक्षा. दिल्लीच्या एम्सची परीक्षा वेगळी असते. तिथे हृदय, कर्करोग, मेंदू, मूत्रपिंड असे आणखी बारीक विषय मिळतात, पण त्यासाठी 60 टक्के लागतात. मनोरुग्णांबरोबर काम करायचं असेल तर बंगळुरूचं निम्हान्स.

एन.पी. म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. हाही दोन वर्षांचाच, भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला. फरक असा, की यात वर्ग वीस टक्के आणि पेशंटजवळचं काम ऐंशी टक्के. निवासी डॉक्टर जसे वॉर्डातच शिकतात, तसं.

‘‘मग तुम्ही तो का नाही केला?’’

‘‘कारण शिकून आल्यावर बसायची खुर्ची कुठली, ते कुणाला सांगता येईना.’’ आमच्या शिडीवर पायऱ्या ठरलेल्या: अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका. नाहीतर कॉलेजकडे वळा आणि पाठ्यनिर्देशिका व्हा. पेशंटपाशी राहूनच मोठं व्हायचं, अशी पायरी या शिडीला नाही. एन.पी. झालेली मुलगी ‘जास्त शिकलेली स्टाफ नर्स’ म्हणून जुन्याच हजेरीपटावर परत यायची भीती असते.

तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर कप ठेवता ठेवता म्हणतात, ‘‘आम्हा जी.एन.एम.वाल्यांचं काय ते सांगा.’’ त्यांना एम.एस्सी.ला थेट प्रवेश नाही, आधी पोस्ट बेसिक करावं लागतं. पण घर सोडून दोन अधिक दोन वर्षं जमत नसतील तर एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत: क्रिटिकल केअर, ऑपरेशन थिएटर, नवजात शिशू, कर्करोग. हातात कौशल्य येतं, आणि खासगी रुग्णालयात त्याला किंमतही मिळते. लेबर रूममध्ये जीव रमत असेल तर मिडवाइफरीचा अठरा महिन्यांचा एन.पी. अभ्यासक्रम. 2018 मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्यापासून त्याचं नाव ऐकू येतं. मुलींना सांगून ठेवते, घरबसल्या पत्राने एम.एस्सी. नर्सिंग देतो म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका. परिषद ते मानत नाही.

चहाला आलेला ब्रदर, आमचा पुरुष परिचारक, हसतो. त्याच्या मोबाइलवर जर्मन शब्द पाठ करायचं ॲप उघडं आहे. त्याला बाहेरच जायचंय, आणि तिथे नोंदणीला एम.एस्सी. कोण विचारतो? आधी भाषेची परीक्षा. त्याचं चुकलंय असं मी म्हणत नाही. पगाराचा आकडा मीही ऐकलाय.

दुपारी 1.00

मेसमध्ये डाळ-भात आणि घरचा फोन. सासूबाई सांगतात, पोरीने डबा पूर्ण खाल्ला. मग पोर स्वतः फोन घेते. ‘‘आई, माझा कोनमापक कधी देणार? सोमवारी भूमितीची चाचणी आहे.’’ नवा घे म्हटलं तर म्हणते, ‘‘कंपासपेटीतलाच पाहिजे.’’ बाबा आणून देतील, असं सांगून मी विषय बदलते.

दुपारी 2.00

बी.एस्सी.च्या मुलींचा तास. आमच्या पाठ टाचणाला सहा रकाने असतात: वेळ, उद्दिष्ट, आशय, शिक्षक-विद्यार्थी कृती, साधनं, मूल्यमापन. मागच्या बाकावर मॅडम बसतात आणि वर्गाकडे पाठ झाली की खुणेने सांगतात. या तासांची मुळं जुनी आहेत. देशातली पहिली नर्सिंगची पदव्युत्तर पदवी 1959 मध्ये दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात सुरू झाली. तेव्हापासून या पदवीने प्रामुख्याने शिक्षिका घडवल्या. तेव्हा गरजही तीच असणार, कारण शिकवायला कुणी असल्याशिवाय कॉलेजं निघतीलच कशी? म्हणूनच मेडिकल-सर्जिकल घेतलेल्या मलाही पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशनचा पूर्ण पेपर होता.

आजचा विषय माझ्या प्रबंधाचाच आहे, व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया. पेशंट सपाट झोपला की तोंडातली आणि पोटातली घाण नळीच्या कडेने फुफ्फुसात झिरपते. म्हणून डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली हवी. मुली पटापट लिहून घेतात. ‘‘किती अंश?’’ म्हटलं की सगळ्या एका सुरात सांगतात.

दुपारी 4.00

गाइड मॅडमची केबिन. वाटेत ग्रंथालय लागतं. तिथे एक अख्खं कपाट बांधीव प्रबंधांचं आहे. सगळ्यांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं आणि जवळजवळ एकच शीर्षक: अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी प्रश्नपत्रिका, मग तास, मग तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढतात. वाढणारच.

मी मॅडमना म्हटलं होतं, मला ज्ञान मोजायचं नाही, खाटा मोजायच्यात. रात्री किती वाजता किती अंश. मॅडमनी नाही म्हटलं नाही, पण अडचणी एकेक करून समोर मांडल्या. एथिक्स कमिटी, तज्ज्ञांकडून साधनाची वैधता, पथदर्शी अभ्यास आणि हाताशी मोजके महिने. ‘‘तुला परीक्षेला बसायचंय ना? मोठे प्रश्न पीएच.डी.ला ठेव.’’ परिषदेने 2005 मध्ये पीएच.डी.साठी राष्ट्रीय कन्सॉर्शियम उभं केलं, ते त्यांनी मला तेव्हाच समजावून सांगितलं होतं. शेवटी आमची तडजोड झाली. प्रश्नावलीही ठेवायची आणि कोनही मोजायचे.

आज विभागातल्या सिस्टरांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. मॅडम चाळत गेल्या. कोनाच्या प्रश्नापुढे जवळपास प्रत्येकीने बरोबर खूण केली होती.

‘‘सगळ्यांना येतंय की,’’ मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. ‘‘मग शिकवणार काय?’’

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या आवाजात मात्र पहिल्यांदाच कुतूहल होतं.

रात्री 9.30

कोनमापक ॲप्रनच्या खिशात घालून मी पुन्हा विभागात. आमच्या खाटा हँडल फिरवायच्या आहेत, त्यांच्यावर अंश लिहिलेले नसतात. गादीच्या कडेला कोनमापक टेकवायचा आणि नट स्थिर झाला की दोरा नव्वदच्या रेघेपासून जितके अंश सरकला तो आकडा लिहायचा. एक नंबर, 31. दोन नंबरचा रक्तदाब खूप खाली गेलाय, म्हणून डॉक्टरांनीच सपाट ठेवायला सांगितलंय, शेरा लिहिला. तीन नंबरच्या आजोबांपाशी 18.

इथे माझी रोजची कोंडी होते. निरीक्षकाने मधे पडायचं नाही, असं संशोधनाचं पुस्तक सांगतं. बारा वर्षांच्या सवयीचा हात मात्र सरळ हँडलकडे जातो. एथिक्स कमिटीपुढे मी हे लिहूनच दिलंय: आधी नोंद करेन, मग लगेच दुरुस्ती. म्हणून आधी लिहिलं, 9.42, अठरा अंश. मग वाकून हँडल फिरवलं.

पाठ वर आली, पण आजोबा आले नाहीत. ते आधीच पायांकडे घसरलेले. वर केलेल्या गादीवर त्यांची हनुवटी छातीत रुतली आणि नळी वाकायला लागली. मी घाईने हँडल उलटं फिरवलं.

रात्रपाळीची सिस्टर औषधांच्या ट्रॉलीवरून ओरडली, ‘‘एकटीने नाही होणार ताई. थांबा, आले.’’ वॉर्डच्या मावशी खाली रक्त आणायला गेलेल्या. वॉर्डबॉय मामा एक्स-रेला. ती हात धुऊन, ग्लोव्हज घालून आली. तिने पलीकडून आजोबांखालची आडवी चादर, ड्रॉशीट, धरली, मी अलीकडून. नळी सांभाळत, एक-दोन-तीन म्हणत आजोबांना वर ओढलं. मग हँडल. नट डुलला आणि थांबला, तेहतीस.

‘‘संध्याकाळपासून मलाही दिसतंय ते,’’ ती म्हणाली. ‘‘पण दुसरी बाजू धरायला कोण आहे?’’ आणि ट्रॉलीकडे परत गेली.

रात्री 11.00

पार्टनर झोपली आहे. टेबललॅम्पखाली आजचे आकडे वहीतून तक्त्यात उतरवते. तक्त्याला रकाने आहेत: खाट क्रमांक, वेळ, अंश, शेरा. वैधता तपासताना एका तज्ज्ञांनी शेऱ्याचा रकाना काढून टाकायला सुचवलं होतं, त्याचं संख्याशास्त्र होत नाही म्हणून. मी तो ठेवला होता.

तीन नंबरपुढे लिहिते: वर ओढायला दोघी लागल्या.

मग वही मागे उलटत जाते. ज्या ज्या रात्री वीसच्या खाली आकडा आहे, त्या त्या रात्री ड्युटीवर किती जणी होत्या, ते हजेरीपटावरून शोधायला हवं. नवा रकाना लागेल. पट्टी सापडत नाही, म्हणून कोनमापकाच्या सरळ कडेने तो आखून घेते.