लंडनला जाणाऱ्या घड्याळवेड्यांनो, आधी ग्रिनिच गाठा!

बिग बेनचे फोटो नंतरही काढता येतील. ग्रिनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीत जॉन हॅरिसनची एच-१ ते एच-४ ही घड्याळं आहेत. समुद्रात रेखांश शोधण्यासाठी ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं आणि या सुताराच्या मुलाने त्यापायी आयुष्य वेचलं. 1759 मध्ये पूर्ण झालेलं, जेमतेम 13 सेंटिमीटर व्यासाचं एच-४ मला जगातलं सर्वात महत्त्वाचं घड्याळ वाटतं. झीज होऊ नये म्हणून ते बंद ठेवतात. पहिल्या तीन घड्याळांना मात्र वंगण लागत नाही, त्यामुळे ती चालवता येतात. एच-१ समोर निवांत उभे राहा! एच-५ बघायचं असेल तर सायन्स म्युझियममधलं क्लॉकमेकर्स म्युझियम गाठा.