चार लाख पंचेचाळीस हजार एक

यवतमाळ शहराचा पिनकोड ४४५००१. आपण तो ‘चार चार पाच, शून्य शून्य एक’ असा वाचतो. फोनमधला आवाज मात्र बरेचदा ‘चार लाख पंचेचाळीस हजार एक’ असं सांगून मोकळा होतो, जणू कापसाच्या गाठी मोजतोय. समजा, दत्त चौकाजवळ राहणाऱ्या एका अंध बाईंनी मोबाइलवरून प्रेशर कुकर मागवायला घेतलाय. पत्त्यातला हा लाखांचा आकडा त्यांच्या सवयीचा. खरी कसोटी पुढे, पैसे भरायच्या पानावर.

त्या वापरतात तो टॉकबॅक, म्हणजे पानावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतो. संगणकावर हेच काम एनव्हीडीए करतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टे हा त्याचा अंध मित्रही त्यात आला, आणि तो आजही फुकट मिळतो. यांना स्क्रीन रीडर म्हणतात खरे, पण ते स्क्रीनकडे बघतच नाहीत! स्क्रीन पार काळी केली तरी त्यांचं काही अडत नाही. दिसणाऱ्या पानाच्या पाठीमागे एक न दिसणारं पान असतं, ते हे वाचतात. तिथे रंग नाहीत, मांडणी नाही, नुसत्या नोंदी: हे बटण, नाव ‘पैसे भरा’, सध्या बंद. हा रकाना, नाव ‘कार्ड क्रमांक’, रिकामा. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची नोंद ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की बटण दाबलं जातं. पान बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल, तर डोळ्यांना छान हिरवं बटण दिसतं आणि कानावर येतं, ‘बटण, लेबल नाही’. आता दाबा!

किमतीचंच बघा. १९९९ वर काट, शेजारी १२९९. काट म्हणजे रेघ, आणि रेघेला आवाज नसतो. कानाला दोन्ही किमती सारख्याच जिवंत. ‘पस्तीस टक्के सूट’ असं पाठोपाठ ऐकू आलं, की मनातल्या मनात हिशेब करून खरी किंमत कोणती ते ठरवायचं.

मग ओटीपी. इंटरनेटवरच्या कार्ड व्यवहारांना कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडची आणखी एक खातरजमा रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. हेतू उत्तमच. पण सहा आकडे एकत्र आले की पुन्हा तेच: ‘सात लाख एकोणसाठ हजार दोनशे अठ्ठावीस’. एकोणसाठ ऐकायचं आणि पाच, नऊ टाकायचं. अठ्ठावीसमध्ये आठ आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र दोन आधी. तिकडे मुदतीचे सेकंद संपत चाललेले, तेही बहुतेक वेळा न बोलता. जाणकार वाचनाची पद्धत ‘अक्षरं’ अशी बदलून घेतात आणि बोट वरून खाली ओढत एकेक आकडा ऐकतात. हे सगळं हेडफोन लावून, कारण मोठ्याने वाचलेला ओटीपी खोलीतल्या सगळ्यांचा होतो. अर्थात, मुरलेली माणसं आवाज इतक्या वेगात ऐकतात, की शेजारी बसलेल्याला त्यातलं अवाक्षर कळत नाही.

काही ठिकाणी तर कान डोळ्यांवर मात करतो. भामटे वेबसाइटचा खऱ्यासारखा दिसणारा खोटा पत्ता बनवतात, इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवून ठेवतात. भरधाव नजर फसते. पण तोच पत्ता एकेक अक्षर करून ऐकला, तर ‘आर, एन’ असं स्वच्छ ऐकू येतं. चोरी उघडी!

याच्या उलट बाजूने मात्र मी चक्रावलो. टॉकबॅकला पानावरच्या नोंदी वाचायची आणि आपल्या वतीने बटण दाबायची परवानगी लागते. नेमकी हीच परवानगी ‘अ‍ॅनुबिस’सारखे बँकलुटारू प्रोग्रॅम फसवून मिळवतात. आंधळ्याची काठी आणि चोराची पहार एकाच दारातून आत जातात, आणि दारवानाने कुणाला अडवायचं? काही अ‍ॅप घाबरून दोघांनाही अडवतात. हा मला सावधगिरीपेक्षा कामचुकारपणाच जास्त वाटतो. अँड्रॉइडच्या १४ व्या आवृत्तीत नाजूक मजकूर फक्त खऱ्याखुऱ्या सहायक साधनांनाच दाखवायची सोय आहे, म्हणजे दोघांतला फरक करता येतो.

पण सगळ्यात जीवघेणी जागा पैसे गेल्यानंतरची. पडद्यावर हिरवी टिक येते, ‘व्यवहार यशस्वी’ अशी अक्षरं उमटतात आणि आवाज गप्प. बोट अजून जुन्याच बटणावर आहे. पैसे गेले की अडकले? पुन्हा दाबावं तर दोनदा कापले जायची भीती. सरावलेला माणूस इथे हात आवरतो, बँकेचा एसएमएस येईपर्यंत थांबतो. खरं तर ‘ही ओळ बदलली की लगेच बोल’ अशी खूण पानाच्या कोडमध्ये करता येते. २०१४ पासून ती जागतिक वेब मानकात आहे. बनवणाऱ्याला त्यासाठी काही शब्द टंकावे लागतात, बस. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. त्या खटल्यात प्रश्न होता ऑनलाइन केवायसीचा. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून जिवंत असल्याचं सिद्ध करा, असं यंत्र सांगतं; अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांनी काय मिचकावायचं?

तुम्हाला पाठीमागचं हे न दिसणारं पान ऐकायचं असेल, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद दाबून धरली की टॉकबॅक सुरू होतो. नेहमीच्या खरेदीच्या अ‍ॅपमध्ये शिरा, डोळे मिटा आणि एखादी वस्तू पिशवीत टाकून बघा. एका टिचकीने काहीच उघडणार नाही, दोन मारायच्या. गोंधळ उडाला तर तीच दोन बटणं पुन्हा दाबायची.