उपग्रह-नभोवाणीचे विलीनीकरण आणि ‘बाजारपेठ’ ही संज्ञा

अमेरिकेत १९९७ साली उपग्रह-नभोवाणीचे दोन परवाने देण्यात आले. ते एकाच हाती जाऊ नयेत, असा दंडक होता. तथापि एक्सएम व सिरिअस ह्या त्याच दोन परवानाधारक कंपन्यांनी १९ फेब्रुवारी २००७ रोजी विलीनीकरणाचा प्रस्ताव जाहीर केला. वादाचे मूळ ‘बाजारपेठ’ ह्या संज्ञेत होते. तीत केवळ उपग्रह-नभोवाणीच मोडते असे मानल्यास विलीनीकरण ही उघड मक्तेदारी ठरे. साधी नभोवाणी व खिशातील संगीतयंत्रेही त्यात धरल्यास नवी कंपनी अनेक स्पर्धकांपैकी एक ठरे. मार्च २००८ मध्ये न्यायखात्याने हरकत न घेण्याचे ठरविले. एका कंपनीच्या यंत्रावर दुसरीचे कार्यक्रम ऐकू येत नसल्यामुळे विद्यमान श्रोत्यांपुरती दोहोंत फारशी स्पर्धा उरलेलीच नाही, हे त्याचे एक कारण होते. जुलैमध्ये संघीय दळणवळण आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी संमती दिली आणि १२.९५ डॉलरची मूळ मासिक वर्गणी तीन वर्षे न वाढविण्याची अट घातली. परंतु संगीताचे स्वामित्वशुल्क ‘मूळ वर्गणी’त गणले गेले नाही, २००९ पासून ते श्रोत्यांकडून निराळे घेतले जाऊ लागले. अटीची मुदत सरल्यावर, जानेवारी २०१२ मध्ये, वर्गणी १४.४९ डॉलर झाली. सारांश, संज्ञेची व्याप्ती जो ठरवितो, तोच श्रोत्याचे देणेही ठरवितो, असे ह्या प्रकरणावरून दिसून येते.