विश्लेषण : डोळ्यातील रक्तवाहिन्या टिपण्यासाठी हिरवा प्रकाशच का?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, खराब होऊ लागते तेव्हा सुरुवातीला रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. पहिल्या खुणा उमटतात त्या पडद्यावरील अतिशय बारीक रक्तवाहिन्यांमध्ये. त्या छायाचित्रात दिसतात की नाही, हे कॅमेऱ्याइतकेच प्रकाशाच्या तरंगलांबीवरही अवलंबून असते.

हिरव्या प्रकाशात काय दिसते?

आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. रक्तातील ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश भरपूर शोषून घेते. मागचा पडदा मात्र तो बऱ्यापैकी परत पाठवतो. त्यामुळे फिकट पार्श्वभूमीवर रक्तवाहिन्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. रक्तवाहिनीला आलेले सूक्ष्म फुगवटे आणि रक्तस्रावाचे ठिपकेही स्पष्ट होतात. नेत्रतज्ज्ञ याला ‘रेड-फ्री’ छायाचित्र म्हणतात. पडद्याच्या रंगीत फोटोतून रक्तवाहिन्या शोधणारी अनेक सॉफ्टवेअरही त्यातील हिरवा भागच वापरतात.

मग निळा प्रकाश का नाही?

हिमोग्लोबिन निळा-जांभळा प्रकाश, विशेषतः ४१५ नॅनोमीटरजवळ, हिरव्यापेक्षाही जास्त शोषते. पण वय वाढले की डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवते, विखुरते. मोतीबिंदू असेल तर चित्र आणखी धूसर येते. हिरव्या प्रकाशात ही अडचण कमी असते.

लाल प्रकाशाचा उपयोग काय?

साधारण ६०० नॅनोमीटरच्या पुढे हिमोग्लोबिनचे शोषण झपाट्याने घटते. लाल प्रकाशात पडद्यावरील रक्तवाहिन्या पुसट होतात. पण हा प्रकाश खोलवर जाऊन मागच्या ‘कोरॉईड’ या थराची माहिती देतो. हाच फरक वापरून रक्तातील ऑक्सिजनही मोजता येतो. सुमारे ५७० नॅनोमीटरला ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित रक्त सारखेच प्रकाश शोषते, तर ६०० च्या आसपास त्यांच्यात फरक पडतो. दोन्ही चित्रांची तुलना केली की अंदाज बांधता येतो.

रंगद्रव्य का टोचतात?

रक्तवाहिन्या गळतात का, हे साध्या फोटोत नीट कळत नाही. त्यासाठी हाताच्या शिरेतून फ्लुरेसिन हे रंगद्रव्य देतात. ते सुमारे ४९० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने उजळते आणि साधारण ५२० ते ५३० नॅनोमीटरचा पिवळसर हिरवा प्रकाश देते. या तपासणीची पद्धत १९६१ मध्ये अमेरिकेतील नोव्होटनी आणि अल्व्हिस यांनी मांडली. तपासणीनंतर त्वचा आणि लघवी काही काळ पिवळी दिसते. काहींना मळमळते, क्वचित ॲलर्जी होते. कोरॉईडसाठी मात्र इंडोसायनिन ग्रीन वापरतात. ते सुमारे ८०० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात काम करते आणि हा प्रकाश पडद्यामागील रंजकथर भेदून जातो.

सुईशिवाय तपासणी होते का?

होते. ‘ओसीटी अँजिओग्राफी’त एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन घेतले जातात. दोन स्कॅनमध्ये जे बदलले ते वाहते रक्त, असे गृहीत धरून रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार होतो. यात साधारण ८४० किंवा १,०५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश असतो. जास्त तरंगलांबीचा प्रकाश अधिक खोल जातो, पण बारकावे टिपणे कठीण होते. शिवाय या पद्धतीत गळती दिसत नाही. म्हणून फ्लुरेसिनची गरज संपलेली नाही.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

एकच एक तरंगलांबी सर्व काही दाखवत नाही. म्हणूनच डॉक्टर कधी कधी एकापेक्षा जास्त तपासण्या सांगतात. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच पडद्याची तपासणी करावी आणि नंतर साधारण वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तशी, ती पुन्हा करावी. चष्म्याचा नंबर तपासला म्हणजे पडदा तपासला, असे नव्हे. नजर स्पष्ट असली तरी ही तपासणी टाळू नये.