न्हाणीघराचा जीर्णोद्धार

दिवाणखान्याची रंगरंगोटी पाहुण्यांसाठीं होते, देवघराची सणांसाठीं. न्हाणीघराकडे मात्र वर्षानुवर्षें कोणी पाहत नाहीं. त्याची आठवण होते ती नरकचतुर्दशीच्या पहांटे. उटण्याचा सुगंध दरवळत असतांना फुटकी फरशी, ओलीनें फुगलेला रंग आणि तुंबलेली मोरी एकदम नजरेस पडते, आणि यंदा न्हाणीघर नवें करावयाचेंच, असा बेत त्याच घटकेला ठरतो. बेत उत्तम, परंतु त्याचा आरंभ बहुधा दुकानांत, टाइलींचे रंग पाहण्यापासून होतो. एवढा खर्च करून नवीं केलेलीं कित्येक न्हाणीघरें दोन पावसाळ्यांतच पुन्हां जुनीं दिसूं लागतात, याचें कारण हेंच. न्हाणीघरांत शोभेचें काम सर्वांत शेवटचें. त्यापूर्वीं पाणी, हवा, उष्णता आणि माणसाचा पाय ह्या चार गोष्टींचा विचार झाला पाहिजे.

महाराष्ट्रांतील जुनी न्हाणी येथें आठवून पाहावी. पुष्कळ घरांत ती मागील पडवीला अथवा परसाच्या बाजूस असे. बसावयास घडीव दगड, शेजारीं घंगाळ, भिंतींत शिकेकाईच्या वाटीपुरता कोनाडा, एवढाच तिचा सरंजाम. सांडपाणी पन्हळीनें परसांतील केळींच्या व अळवाच्या मुळाशीं जाई. पाणी तापविण्यास तांब्याचा बंब असे. त्याच्या मध्यभागीं नळकांडें, त्या नळकांड्यांत विस्तव आणि भोंवतालीं पाणी, अशी त्याची रचना. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी अशाच तांब्याच्या कामासाठीं नांवाजलेली आहे. हा बंब पडवींत किंवा अंगणांत धुमसत राही व धूर मोकळ्यावर निघून जाई. त्या न्हाणींत थाटमाट नव्हता. परंतु पाण्याला वाट होती, धुराला वाट होती आणि ओल सुकविण्यास वारा होता.

पुढें शहरांत न्हाणी घराच्या पोटांत आली. चाळींत ती खोलीच्या कोपऱ्यांतील मोरी झाली. सदनिकेंत ती चार भिंतींची बंद खोली झाली. तिच्याखालीं आतां केळीचें आळें नसून दुसऱ्याचा संसार असतो. जुन्या न्हाणीला ज्या गोष्टी मोकळ्या जागेमुळें आपोआप लाभत, त्या नव्या न्हाणीघरांत जाणून बुजून कराव्या लागतात. जीर्णोद्धाराचें खरें काम तें हेंच.

प्रथम पाणी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींच्या इमारतींतील लोखंडी नळ आंतून गंजून अरुंद झालेले असतात. वर नवी टाइल बसवून खालीं तेच नळ ठेवणें म्हणजे पुढल्या फोडाफोडीची तरतूद करणें होय. ते बदलावयाचे तर ह्याच वेळीं बदलावेत, आणि गरम पाण्याच्या मार्गावर उष्णता सोसणारेच नळ घालावेत. जमिनीला मोरीकडे उतार हवा. दोन मीटर लांबीच्या फरशीला दोन ते तीन सेंटिमीटर उतार पुरे होतो. टाइली बसविण्याआधीं जलरोधक थर घालून, मोरीचें तोंड बंद करून, दोन बोटें पाणी निदान एक अहोरात्र सांठवून ठेवावें आणि खालच्या मजल्यावरील छत पाहून यावें. छत कोरडें असेल तरच पुढचें काम करावें. ह्या एका दिवसाची घाई पुढें शेजाऱ्याशीं होणाऱ्या वर्षभराच्या तंट्याचें कारण होते.

मोरीच्या तोंडाशीं जो पाण्याचा सांपळा असतो, त्याला बांधकामाच्या व्यवहारांत ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. जुन्या न्हाणीचें नांव नव्या इमारतींतहि असें टिकून आहे. नळाच्या वळणांत थोडें पाणी अडून राहतें आणि तेंच गटारांतील दुर्गंधीला झांकणासारखें अडवितें. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ मध्यें शौचकूपासाठीं जें पेटंट घेतलें, त्यांतहि नळाच्या अशाच वळणाचा उपयोग केलेला होता. घर कांहीं आठवडे बंद राहिलें कीं हें पाणी सुकतें, दुर्गंधी येऊं लागते व झुरळें वर चढतात. अशा वेळीं औषधें शोधीत बसण्यापेक्षां मोरींत तांब्याभर पाणी ओतावें. तसेंच टाइली चकचकीत करण्यासाठीं तीव्र आम्ल वापरण्याची पद्धत सोडून द्यावी. आम्लानें सांध्यांतील सिमेंट झिजतें, आणि वरून लखलखीत दिसणारी जमीन खालून पाणी पिऊं लागते.

दुसरी गोष्ट हवा. भिंतीवरील काळी बुरशी हा रंगाचा दोष नसून कोंडलेल्या ओलाव्याचा परिणाम आहे. तिच्यावर नवा रंग चढविल्यास ती कांहीं दिवस झांकली जाते, इतकेंच. खिडकी लहान असली तरी ती उघडती ठेवावी, आणि आंतील वाफ बाहेर ओढणारा पंखा तिच्यापाशीं बसवावा. पंखा असला तरी दाराखालीं बोटभर फट हवीच, कारण ताजी हवा आंत येण्यास जागा नसेल तर आंतील हवा बाहेर जाणार नाहीं.

तिसरी गोष्ट उष्णता. येथें प्रश्न सोयीचा नसून प्राणाचा आहे. बंबाचा विस्तव बाहेर असे. हल्लीं गॅसवर चालणारा गीझर कित्येक घरांत थेट न्हाणीघरांतच टांगलेला आढळतो, आणि थंडीच्या दिवसांत दार-खिडकी लावून स्नान चाललेलें असतें. अपुऱ्या हवेंत गॅस जळला कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वासहि नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट जखडतो, त्यामुळें धोक्याची जाणीव होण्यापूर्वींच स्नान करणारा मनुष्य बेशुद्ध होतो. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंतच बसवावा, आणि त्यांतून केवळ गरम पाण्याचा नळ आंत आणावा. विजेचा गीझर असल्यास जमिनीशीं जोडलेली तार, म्हणजे अर्थिंग, तपासून घ्यावी आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा रक्षक-स्विच बसवावा. टाइलींच्या निवडीला चार दिवस देणाऱ्या गृहस्थानें ह्या तपासणीला एक तास देणें जड नाहीं.

चवथी गोष्ट माणसाचा पाय. घरांतील वृद्ध माणसें पडतात तीं बहुधा डोंगर चढतांना नव्हे, तर ओल्या फरशीवर. दुकानांत आरशासारखी झळकणारी टाइल साबणाच्या पाण्यानें निसरडी होते. जमिनीस खरबरीत टाइल किंवा पॉलिश न केलेली शहाबादी फरशीच योग्य. बसण्याच्या जागेजवळ कमरेच्या उंचीवर हाताला आधार देणारी दांडी असावी, आणि ती केवळ टाइलींत नव्हे, तर आंतील विटांच्या भिंतींत पक्की रोवावी. दार बाहेरच्या बाजूस उघडणारें करावें. आंत कोणी पडल्यास त्याच्या अंगाच्या भारानें आंत उघडणारें दार अडतें, आणि मदतीस धांवलेली माणसें बाहेरच खोळंबतात. कडीहि बाहेरून सोडवितां येईल अशीच हवी.

इतकें झाल्यावर मग शोभा. लहान न्हाणीघरांत फिकट रंग उजेड वाढवितात. गडद रंग वापरावयाचाच तर तो एखाद्या पट्ट्यापुरता असावा. आरशावर दिवा असा लावावा कीं प्रकाश चेहऱ्यावर पडेल, डोळ्यांत नव्हे. जुन्या कोनाड्याची आठवण ठेवून भिंतींतच एक खण ठेवला तर बाटल्यांची गर्दी जमिनीवर उतरत नाहीं. माळ्यावर पडलेलें आजीचें घंगाळ घांसून कोपऱ्यांत ठेवलें, तर कोणत्याहि विकत आणलेल्या वस्तूपेक्षां तें अधिक शोभेल.

पुढल्या नरकचतुर्दशीस ह्या न्हाणीघराची परीक्षा होईल. घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्ति पहांटेच्या अंधारांत, कोणाचा हात न धरतां, आंत जाऊन अभ्यंगस्नान करून सुखरूप बाहेर आली, आणि खालच्या मजल्यावरून कसलीहि तक्रार आली नाहीं, म्हणजे जीर्णोद्धार सफल झाला असें समजावें. टाइलींचा रंग मग कोणताहि असो.