नोकरी सांभाळून इंटिरिअर डिझाइन शिकताना

स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचं, तर १९७२च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त पदवी आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरवर आपल्या देशात असं बंधन नाही. त्यामुळे बँकेत, शाळेत, कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या माणसालाही या क्षेत्रात शिरता येतं. दिवसा नोकरी, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी वर्ग आणि काही वर्षांत स्वतःची कामं, असा बेत पुष्कळ जण करतात. बेत वाईट नाही. मात्र परवान्याची अट नसल्यामुळे चार महिन्यांत ‘डिझायनर’ घडवणारे क्लासही गल्लोगल्ली निघाले आहेत आणि नोकरदार माणसाचे कष्टाचे पैसे तिथेच सर्वांत जास्त वाया जातात.

या व्यवसायात कागदापेक्षा हात किती मोठा असतो, हे सुनीता कोहली यांच्याकडे पाहून कळतं. त्यांचं शिक्षण इंग्रजी साहित्याचं. जुने दिवे, जुनं फर्निचर हुडकून ते दुरुस्त करून घेता घेता त्या शिकत गेल्या. पुढे राष्ट्रपती भवनाच्या अंतर्सजावटीचं काम त्यांनी केलं आणि १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिकलं नाही तरी चालतं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. शिक्षण त्यांनीही घेतलं, फक्त ते वस्तू आणि कारागीर यांच्या सहवासात घेतलं.

म्हणून मी विचारायला येणाऱ्यांना सांगतो, कोर्सची चौकशी करण्याआधी नोकरीचा विचार करा. जमत असेल तर थोडा पगार सोडून या क्षेत्राच्या जवळ सरका. मॉड्युलर किचनचं शोरूम, प्लायवूड-लॅमिनेटचं दुकान, एखाद्या कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझरचं काम, आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग, यांतलं काहीही चालेल. दुकानाच्या काउंटरवर उभं राहिलं की आयएस ३०३ आणि आयएस ७१० या दोन प्लायमधला फरक आपोआप डोक्यात बसतो. पहिली मुख्यतः कोरड्या जागेसाठी, दुसरी सिंकखालच्या कपाटासारख्या ओलाव्याच्या जागेसाठी. वर्गात हे एका तासात सांगून होतं, पण चुकीच्या प्लायचं फुगलेलं कपाट घेऊन तक्रार करायला आलेलं गिऱ्हाईक पाहिलं की ते जन्मभर विसरत नाही.

घराची जबाबदारी असते, सगळ्यांना नोकरी बदलता येत नाही. त्यांनी एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. बहुतेक हाउसिंग सोसायट्या रविवारी ठोकाठोकीला परवानगी देत नाहीत. त्यामुळे फक्त रविवारी मोकळा असणारा विद्यार्थी पूर्ण झालेलं घर पाहतो, चालू काम कधीच पाहत नाही. प्लास्टरखाली वायरिंगचे पाइप कसे जातात, फॉल्स सीलिंगची फ्रेम कशी उभी राहते, हे सगळं कामाच्या दिवशीच दिसतं. रजा शिल्लक असतील तर त्या साइटसाठी वापरा.

साइटवर काय शिकायला मिळतं, याचं एक उदाहरण देतो. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल असं कपाट घ्या. दोन बाजू, मध्ये एक उभी फळी, वर-खाली एकेक, आत ३ फुटांचे सहा कप्पे आणि दीड फुटाची चार दारं. सगळ्याचं क्षेत्रफळ १४४ चौरस फूट होतं. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे ३२ चौरस फूट. भागाकार केला की साडेचार शीट येतात आणि नवखा माणूस पाच लिहून मोकळा होतो. मिस्त्री मात्र सहा सांगतो, आणि तोच बरोबर असतो. २ फूट रुंदीच्या पट्ट्या काढल्या तर एका शीटमधून दोनच निघतात. सात फुटांचा तुकडा कापला की खाली फूटभर उरतो, तो कशालाच येत नाही. आतल्या सांगाड्याला आठ पट्ट्या म्हणजे चार शीट, दारांना दोन. पाठीची पातळ प्लाय वेगळीच. ग्राहकाला दिलेल्या अंदाजपत्रकात ही एक शीट राहिली, तर तिचे पैसे डिझायनरच्या खिशातून जातात. अख्ख्या घराची कपाटं धरा, म्हणजे नफा कुठे जातो ते समजेल. कटिंग कसं बसवायचं हे मिस्त्रीच्या शेजारी बसून शिकावं, ते त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही.

मापांचंही तसंच आहे. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं, सुतार मात्र सुतात बोलतो. आठ सुतांचा एक इंच. भिंत ओळंब्यात आहे का, कोपरा गुण्यात आहे का, हे न तपासता काढलेलं सुंदर ड्रॉइंग साइटवर दोन सूत कमी पडतं आणि कपाट आत जात नाही. घरी बसून सराव करायचा तर स्वतःच्याच स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. ओट्याची उंची, खिडकीचा उंबरठा, नळाची जागा, फ्रीजचं दार उघडल्यावर उरणारी वाट, सगळं मोजा आणि हाताने कागदावर उतरवा. ऑटोकॅड आणि स्केचअप त्यानंतर. सॉफ्टवेअर कुणीही शिकतं, त्याची फार धास्ती घेऊ नका.

पहिली कामं नातेवाइकांची आणि ओळखीच्यांची येतात. तीही फुकट करू नका, फी थोडी घ्या पण लेखी ठरवून घ्या. सोसायटीची परवानगी, कॉलम आणि बीमला हात न लावण्याची अट, पैशांचे टप्पे हे कागदावर असू द्या. नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई आहे का, तेही आधी वाचा. नोकरी सोडण्याची घाई नको. हातातल्या कामाचं शेवटचं बिल वसूल झालेलं असावं, पुढचं काम ठरलेलं असावं आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, मगच राजीनामा द्यावा असं मला वाटतं.

आणि कुठल्याही क्लासची फी भरण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांची वर्किंग ड्रॉइंग्ज आणि अंदाजपत्रकं दाखवायला सांगा. नुसती रंगीत थ्रीडी चित्रं पुढे केली, तर पैसे न भरता परत या.