घरगुती मत्स्यपेटीस गाळणी केवढी असावी?

शेतकऱ्याच्या ओसरीवर किंवा माजघरांत काचेची मत्स्यपेटी असणें ही आतां अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. मुलांच्या हौसेखातर पेटी घेतली जाते, तींत रंगीत मासे सोडले जातात, आणि पुष्कळदां पंधरा-वीस दिवसांच्या आंतच ते एकामागून एक मरूं लागतात. मग कोणी पाण्यास दोष देतो, कोणी विक्रेत्यास. परंतु मासे किती, खाद्य किती व गाळणी केवढी, यांचा मेळ बसलेला नसणें हेंच बहुधा या हानीचें मूळ असतें. हा मेळ खोक्यावरील आंकडा पाहून बसत नाहीं. शेतकऱ्यास परिचित असलेल्या एका तत्त्वानें तो बसवितां येतो.

गाळणीचें काम केवळ कचरा अडविणें हें आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलें खाद्य कुजलें म्हणजे त्यांतूनही तोच निघतो. अमोनियास रंग नाहीं. त्यामुळें ज्या पाण्याचा तळ स्पष्ट दिसतो, तेंही माशांस विषवत् असूं शकतें. गाळणींतील स्पंजावर व खड्यांवर वाढणारे सूक्ष्म जंतु या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर त्या मानानें निरुपद्रवी असें नायट्रेट बनवितात. आपल्या शेतांत शेणखताचें नत्र पिकास घेतां येईल अशा रूपास येतें, तें याच क्रियेनें.

या दोन क्षेत्रांचें नातें इतिहासांतही दिसतें. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं 1850 सालीं मासे, पाणवनस्पति व गोगलगाई यांचा एकाच पेटींत कसा समतोल राहतो, हें मांडून दाखविलें. त्यांच्याच नांवाच्या पुत्रानें पुढें रॉथॅम्स्टेडच्या प्रसिद्ध शेतकी प्रयोगक्षेत्रावर जमिनींत नायट्रेट कसें बनतें याचा अनेक वर्षें अभ्यास केला. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ही क्रिया करणारे जंतु वेगळे करून दाखविले. पित्याची पेटी व पुत्राचें शेत, दोहोंत राबणारे मजूर एकाच जातकुळीचे होते.

आतां हिशेब पाहूं. पेटी 3 फूट लांब, 1 फूट रुंद व दीड फूट उंच असल्यास तिचें घनफळ साडेचार घनफूट होतें. एका घनफुटांत सुमारें 28 लिटर पाणी मावतें. म्हणजे ही पेटी सुमारें 127 लिटरांची झाली. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जातां खरें पाणी 100 लिटरांच्या आसपास राहतें. पेटींतील सर्व पाणी ताशीं चार वेळां गाळणींतून जावें, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्याप्रमाणें येथें ताशीं 400 लिटर प्रवाह लागेल. गोल्डफिश पुष्कळ खातो व पुष्कळ घाण करतो. त्याकरितां सहा ते आठ पट धरावी. उलटपक्षीं फायटर या नांवानें विकल्या जाणाऱ्या माशास जोराचा प्रवाह सोसत नाहीं. त्यास हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची साधी गाळणी बरी. पिलांच्या पेटीसही तीच योग्य, कारण तींत पिलें ओढलीं जात नाहींत.

खोक्यावर छापलेला आंकडा बहुधा गाळणी रिकामी असतां व पाणी उंच चढवावें न लागतां मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो. विहिरीवरील पंपाचें पाणी जसजसें उंच न्यावें तसतसें तें घटतें, हें आपण जाणतोंच. येथेंही तोच नियम. म्हणून गाळणी भरून, तिच्या जागीं बसवून तोंडाशीं बादली धरावी. दहा लिटरांची बादली दीड मिनिटांत भरली, तर प्रवाह ताशीं 400 लिटर आहे असें समजावें.

परंतु प्रवाह हें अर्धेंच माप आहे. जंतूंस राहण्यास जागा नसेल, तर पाणी नुसतें फिरत राहील. शेंकडा 40 प्रथिनें असलेल्या एक ग्रॅम खाद्यांत सुमारें 64 मिलिग्रॅम नत्र असतें. त्यांतील अर्धें जरी अमोनियाच्या रूपानें पाण्यांत उतरलें, तरी 100 लिटर पाण्यांत दर लिटरमागें एक-तृतीयांश मिलिग्रॅम नत्र दररोज वाढेल. आणि चांगल्या पेटींत अमोनिया मोजण्याइतकाही आढळूं नये. यास्तव दोन गाळण्यांचा प्रवाह सारखा असल्यास जिच्यांत स्पंज व सच्छिद्र खडे अधिक मावतात, ती घ्यावी.

उत्तम गाळणीही पहिल्या दिवशीं निर्जीवच असते. जंतूंची वस्ती पुरी होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर मासे अगदीं थोडे ठेवावे, खाद्य चिमूटभरच घालावें. स्पंज नळाच्या पाण्यानें कधींही धुवूं नये, कारण त्यांतील क्लोरीन जंतूंस मारतो. पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत तो हलकेच पिळावा. वीज बराच वेळ गेल्यास बंद डब्याच्या गाळणींत जंतु प्राणवायूअभावीं गुदमरतात. ती पुन्हां सुरू करण्यापूर्वीं आंतील कुबट पाणी ओतून द्यावें. उन्हाळ्यांत ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मावतो, म्हणून तेव्हां ही काळजी अधिक घ्यावी.

नायट्रेट मात्र गाळणी काढून टाकीत नाहीं. त्यासाठीं दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, व काढलेलें पाणी परसांतील रोपांस घालावें. तें वायां जात नाहीं.

सारांश, पेटी किती लिटरांची एवढेंच न विचारतां, तींत रोज किती खाद्य पडतें हेंही विचारावें. जमिनीस पचेल तेवढेंच खत आपण घालतों. पेटीसही तिच्या गाळणीस पचेल तेवढेच मासे द्यावे.